रुमालाखालचा सौदा

गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. पण सौदा कोणाकोणात चाललाय, कोणत्या बैलाचा आणि घासाघीस किती वेळ लांबली, हे त्याला चांगलं दिसत असतं. आणि व्यवहार आटोपल्यावर दोघांपैकी एकानं चहाच्या टपरीवर आकडा बोलून टाकला, की रुमालाचं काम संपलं. व्हॉट्सॲपवर 'एंड टू एंड एनक्रिप्टेड' अशी जी पाटी दिसते, तिचं सामर्थ्य आणि तिची मर्यादा नेमकी हीच आहे.

सामर्थ्य आधी. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरच्या खासगी गप्पा, फोटो आणि कॉल पाठवणाऱ्याच्या फोनवरच गुप्त रूपात बदलतात आणि घेणाऱ्याच्या फोनवर पोहोचल्यावरच उलगडतात. मधल्या वाटेवर ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. यामागची पद्धत 'सिग्नल' हे ॲप बनवणाऱ्यांनी तयार केली आणि जगभरातल्या जाणकारांनी ती उघडपणे तपासली आहे. ती फोडण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, कारण त्याहून सोपे रस्ते हजार आहेत.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या एका अमली पदार्थ प्रकरणाच्या तपासात चित्रपटसृष्टीतल्या काही जणांच्या जुन्या गप्पा वृत्तवाहिन्यांवर झळकल्या आणि 'व्हॉट्सॲप फुटलं' अशी ओरड झाली. कंपनीनं तेव्हा खुलासा केला की संदेश पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतात. फोनमध्ये साठलेला मजकूर जपायचा असेल तर फोनला भक्कम पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लावा. खुलासा कोरडा होता, पण मुद्द्याचा होता. माहिती वाटेत फुटत नाही, टोकांना फुटते. तुमचा फोन, समोरच्याचा फोन, दोघांचे बॅकअप, झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर, नात्यातल्या काकांचा ग्रुप ही ती टोकं. ती राखायची कशी, एवढ्यापुरताच हा लेख.

बॅकअपपासून सुरुवात करू, कारण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तुमच्या गप्पांची प्रत बहुधा रोज रात्री गुगलच्या किंवा ॲपलच्या साठवणीत जाऊन बसते. तिला स्वतंत्र संरक्षण देण्याची सोय व्हॉट्सॲपनं ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप', मग 'एंड टू एंड एनक्रिप्टेड बॅकअप'. तिथे पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. हा पासवर्ड विसरलात तर बॅकअप कंपनीलाही उघडून देता येत नाही. म्हणून तो कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवा. अर्थात हे करूनही समोरच्यानं त्याच्या बाजूला सोय सुरू केली नसेल, तर तुमचे तेच संदेश त्याच्या बॅकअपमध्ये मोकळेच राहतात. आपलं महत्त्वाचं बोलणं ज्या चार-पाच माणसांशी असतं, त्यांच्याही फोनवर हे करून द्यावं लागतं, ते याचसाठी.

व्हॉट्सॲपमध्येच 'लिंक्ड डिव्हाइसेस' असंही एक पान आहे. तिथे तुमच्या खात्याला जोडलेल्या कॉम्प्युटरांची आणि इतर फोनांची यादी दिसते. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर कधीकाळी व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडलं, हा प्रकार सर्रास आढळतो. अनोळखी नाव दिसलं की लगेच लॉग आउट करा. यात एक नवी लबाडीही शिरली आहे. 'हा तुझाच फोटो आहे ना?' असा ओळखीच्या माणसाकडून संदेश येतो, सोबत लिंक असते, ती उघडली की मोबाइल नंबर मागते आणि आठ अक्षरांचा एक कोड व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगते. तो कोड टाकताक्षणी तुमचं खातं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडलं जातं. तुमचं व्हॉट्सॲप बंद पडत नाही, त्यामुळे काही बिघडलंय असं जाणवतही नाही. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट'मध्ये 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' आहे. तिथे सहा अंकी पिन ठेवला की फक्त एसएमएसनं आलेल्या कोडवर कोणी तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उचलून नेऊ शकत नाही. जन्मतारीख हा पिन नव्हे.

ग्रुपबद्दल एकच सांगतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं असू शकतात. सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली गोष्ट, ती कितीही गुप्त रूपात प्रवास करो, जाहीरच झाली असं समजून चाला. 'आम्ही आठ दिवस कोकणात चाललोय, पाणीवाल्याला सांगा' हा संदेश अध्यक्षांना वेगळा पाठवता येतो.

पाटीची मर्यादा आणखी एका ठिकाणी येते. मजकूर झाकलेला असला तरी तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात याच्या नोंदी कंपनीकडे राहू शकतात. एखाद्यानं रात्री वकिलाला, पहाटे कर्करोगाच्या डॉक्टरला आणि सकाळी विमा एजंटला संदेश पाठवले, तर त्याच्या घरात काय चाललंय हे कळायला मजकूर वाचावाच लागत नाही. ज्यांना हेही नको असेल, त्यांनी 'सिग्नल' वापरावं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या एका तपासात त्या कंपनीला दोन फोन नंबरांची माहिती देण्याचा हुकूम झाला. त्यांच्याकडे देण्यासारखं निघालं ते एवढंच : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. टेलिग्रामबद्दल मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. तिथल्या साध्या गप्पा आणि सगळे ग्रुप कंपनीच्या सर्व्हरवर असतात. फक्त दोघांमधल्या 'सीक्रेट चॅट'लाच एंड टू एंड संरक्षण मिळतं, आणि ते मुद्दाम निवडावं लागतं. साधा एसएमएस तर कधीच झाकलेला नसतो. व्हॉट्सॲपमध्येच 'मेटा एआय'ला विचारलेले प्रश्न कंपनीच्या यंत्रणेकडे जातात, तेव्हा वडिलांचा तपासणी अहवाल तिथे चिकटवण्याआधी हे लक्षात असू द्या. पाठवलेला संदेश ठरावीक काळानं पुसणारी 'डिसअपिअरिंग मेसेजेस'ची सोय चांगली आहे, ती लावाच. पण समोरच्यानं दुसऱ्या फोननं काढलेला फोटो ती पुसत नाही.

आता फोन स्वतः. बंद स्क्रीनवर ओटीपी आणि संदेश वाचता येत असतील, तर कुलूप लावूनही ते न लावल्यासारखंच. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन मजकूर लपवा. दुरुस्तीला फोन देताना दुकानदार पॅटर्न मागतो आणि आपण सांगतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे; तो लावून फोन दिला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन चालवून पाहता येतो, पण तुमचे फोटो आणि गप्पा दिसत नाहीत. जुना फोन विकताना 'फॅक्टरी रीसेट' केल्याशिवाय हातावेगळा करू नका. गावोगावी जुन्या मोबाइलच्या बदल्यात प्लास्टिकचे टब आणि भांडी देणारे फिरतात, त्यांना 'चालतच नाही' म्हणून दिलेला फोनही यात आला.

फोनला खरा धोका सध्या आहे तो एपीके फाइलचा. 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलान', 'पीएम किसान यादी' अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाइल येते. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच बाधित झालेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. ते बसवलं की एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर ठगाकडे जातात. तुम्ही ओटीपी कोणालाही सांगितलेला नसतो आणि खातं मात्र रिकामं झालेलं असतं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफच्या रूपात येते. चुकून ॲप बसलंच तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि मगच ते काढण्याच्या मागे लागा.

कागदपत्रांकडे वळू. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून आधारचं वाटप सुरू झालं. त्यानंतर त्या १२ अंकांच्या इतक्या झेरॉक्स निघाल्या की त्या कुठे कुठे पडल्या आहेत हे कोणीच सांगू शकणार नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं 'झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड आधार वापरा' असा सल्ला काढला आणि दोनच दिवसांत, त्याचा विपर्यास होईल म्हणून, तो मागेही घेण्यात आला. माझ्या मते सल्ला बरोबर होता. मास्क्ड आधारवर फक्त शेवटचे चार अंक दिसतात. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतं. हॉटेलात खोली घेताना किंवा भाडेकरू म्हणून घरमालकाला आधी तेच देऊन पाहा.

उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून ती निर्धास्तपणे पाठवणारे पुष्कळ. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुम्ही फाइल पाठवता, त्याला या दोन्ही गोष्टी बहुधा आधीच ठाऊक असतात.

झेरॉक्सवाल्याकडे आपण काय करतो ते जरा आठवा. दुकानाच्या नंबरवर आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि पासपोर्ट फोटो पाठवतो, प्रिंट घेतो, पाच रुपये देतो आणि निघतो. फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर 'डाउनलोड्स'मध्ये राहते. आपल्या फोनवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी तिथे उतरलेली प्रत पुसली जात नाही. दुकानदार लबाड असतो असं नाही. त्याला फुरसत नसते, इतकंच. प्रिंट निघाल्यावर त्याच्या समोर उभं राहून 'दादा, तेवढी फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही' असं म्हणायला लाजू नका. बिघडलेली प्रत टोपलीत टाकू न देता घरी आणा. आणि द्यायच्या प्रत्येक झेरॉक्सवर, मजकुरावरून आडवं, 'फक्त अमुक कामासाठी', तारीख आणि सही असं लिहा. सही कडेच्या कोऱ्या जागेत केली तर ती कापून टाकता येते.

ज्यांनी घर किंवा जमिनीचा दस्त नोंदवला असेल, त्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक जरूर लावावं. नोंदवलेल्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांच्या नकला बनवून, आधारजोडणी असलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं हरियाणासारख्या राज्यांत उघडकीला आली आहेत. तिथे ओटीपी लागत नाही, अंगठा पुरतो. लॉक एमआधार ॲपवर किंवा संकेतस्थळावर लावता येतं. रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल किंवा निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असेल, त्या दिवशी ते तात्पुरतं उघडावं लागेल. हा त्रास सोसण्यासारखा आहे.

मात्र सगळ्यात परिपूर्ण कागद आपण स्वतःच, हौसेनं, छापून वाटतो. तो म्हणजे लग्नाचा बायोडेटा. पूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंत जन्मवेळ, जन्मगाव, कंपनी, वार्षिक उत्पन्न, 'स्वतःचा टू बीएचके', शेती किती एकर, राहता पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि स्टुडिओत काढलेला फोटो. शिवाय तळाशी 'मामा' ही ओळ, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. ओळख पटवण्यासाठी बँका वर्षानुवर्षं जो प्रश्न विचारत आल्या, त्याचं उत्तर आपण वधू-वर सूचक ग्रुपांवर फिरवतो. लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागली तरी बायोडेटा फिरतच असतो.

यावर माझा उपाय दोन बायोडेट्यांचा. पहिला ग्रुपवर टाकण्यासाठी : नाव, जन्मसाल, शिक्षण, कामाचं क्षेत्र, तालुका आणि घरातल्या एकाच मोठ्या माणसाचा नंबर. कंपनीचं नाव नको, पगार नको, मामा नकोत. दुसरा, सगळं लिहिलेला, बोलणी सुरू झाल्यावर त्या घरालाच द्यायचा, आणि पत्रिका जुळवायची असेल तर जन्मवेळ त्या वेळी. थोरली मंडळी कुरकुरतील, 'लपवायला काय झालंय' म्हणतील. त्यांना मामांच्या आडनावाची गोष्ट सांगा, पटते. ईमेल किंवा तत्सम खात्यांसाठी 'आईचं माहेरचं आडनाव' हा सुरक्षा प्रश्न असेल, तर तिथे मनचं काहीतरी उत्तर ठेवायला हरकत नाही. खरं-खोटं पाहायला तुमच्या आजोळी कोणी येत नाही. बँकेच्या अर्जात मात्र खरंच लिहावं लागतं.

कायदा इथे फार मदतीला येत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. पण एखाद्या व्यक्तीनं घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या बाहेरच ठेवली आहे. तुमचा बायोडेटा पुढे ढकलणाऱ्या काकांना त्याची भीती नाही. दुकानाच्या काउंटरवर मात्र थोडं बळ आहे : बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा आग्रह धरू नये, अशी सूचना ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना दिली आहे. 'नंबर नाही देणार' असं शांतपणे म्हटलं तरी बिल मिळतं.

मुलं परदेशात आणि आईवडील कोथरूडला किंवा डोंबिवलीला, अशा घरांत एक वेगळीच रीत पडली आहे. मुलगा न्यू जर्सीतून आईचं नेटबँकिंग चालवतो आणि आई फोनवर त्याला ओटीपी वाचून दाखवते. रोज ओटीपी वाचून दाखवायची सवय लागलेल्या आईला 'तो दुसऱ्या कोणाला सांगू नकोस' हे कसं उमजणार? त्यापेक्षा बँकेतून रीतसर संयुक्त खातं करून घ्यावं किंवा अधिकारपत्र द्यावं. पासपोर्टची प्रत पाठवायची तर 'व्ह्यू वन्स' लावून पाठवा. काम झाल्यावर पाठवणाऱ्याच्या फोनच्या गॅलरीत तिचा फोटो उरला नाही ना, तेही पाहा.

अशा घरांनी आणखी एक गोष्ट करावी : एक परवलीचा शब्द ठरवावा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता करता येते, त्यामुळे 'आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव' हा रडवेला आवाज मुलाचाच असेल याची खात्री उरलेली नाही. शब्द समोरासमोर ठरवा, व्हॉट्सॲपवर लिहू नका, आणि त्यात कुत्र्याचं नाव नको, ते फेसबुकवर आहे. शब्द आठवलाच नाही तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावावा. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कोणाला सांगू नका' असं धमकावणाऱ्यालाही हाच नियम. अशी अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. 'घरात कोणाला सांगू नका' हे वाक्य आलं की फोन ठेवायचा आणि घरात सगळ्यांना सांगायचं.

पासवर्डबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहून झालं आहे. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बाकीची खाती त्यावरूनच पुन्हा उघडतात. तो इतर कुठेही वापरू नका आणि त्याला दुसऱ्या पायरीची तपासणी लावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले तर लक्षातही राहतात आणि ओळखायलाही अवघड जातात. पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्यापेक्षा कपाटातली वही बरी.

सिमकार्डही तपासा. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका व्यक्तीला नऊपर्यंत घेता येतात. न घेतलेला नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते. तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे *#२१# फिरवून कळतं. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्टारनं सुरू होणारा कोणताही नंबर मात्र कधीही फिरवू नका. कॉल वळवण्याची युक्ती तीच असते. फोनचा आयएमईआय क्रमांक *#०६# फिरवल्यावर येतो, तो आजच वहीत लिहा. फोन हरवला तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत आणि हा क्रमांक देऊन 'संचार साथी'वरूनच तो बंद पाडता येतो.

आणि पैसे गेलेच, तर लाज आणि चर्चा दोन्ही बाजूला ठेवून आधी १९३० हा क्रमांक फिरवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकायला मिनिटं लागतात, आणि ते वाटेत अडवायचे असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवा आणि बँकेकडून तक्रारीची पोच घ्या. १९३० हा क्रमांक आईवडिलांच्या फोनमध्ये 'सायबर पोलीस' या नावानं आजच साठवून द्या.